डावीकडचा कोपरा

माझ्या डावीकडचं जग संपलंय, हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. माझं मला काही कळलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, तुमच्या डोक्याच्या मागे तुम्हाला काय दिसतं? अंधार दिसतो का? नाही. काहीच दिसत नाही, आणि काही दिसत नाही याचं वाईटही वाटत नाही. माझं डावीकडे तसंच झालं होतं. झटका डोक्याच्या उजव्या बाजूला आला आणि डावी बाजू घेऊन गेला. हात लुळा पडला तो पडलाच, पण त्या बाजूचं सगळंच गेलं. खोलीला तीनच भिंती उरल्या. भिंतीवरच्या घड्याळात सहानंतर काही वाजेनासं झालं. ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवून मी म्हणायची, आज वाढताना हात आखडता घेतलाय वाटतं. मग कोणीतरी ताट फिरवायचं, आणि नव्हतं ते जेवण कुठूनसं उगवायचं.

गंमत वाटायची, खरं सांगते. तापात असताना जसं सगळं हलकं आणि लांब वाटतं, तसे ते दिवस गेले. बोळातून चाललं की एकच भिंत सोबतीला यायची. आरशात अर्धी बाई दिसायची आणि ती मला पुरेशी वाटायची. मी अर्धेच केस विंचरायची आणि नीटनेटकी झाले म्हणून खुर्चीत बसायची.

वाईट एकच झालं. त्या गेलेल्या बाजूला आमचे हे गेले.

यांचा आवाज यायचा. "अगं, पाणी घे." "अगं, पाय उचल, उंबरा आहे." मी आवाज शोधायला मान वळवायची ती उजवीकडे. वळत वळत सगळी गोल फिरायची, तरी हे सापडायचे नाहीत. पाण्याचा ग्लास हवेतून आल्यासारखा समोर यायचा आणि तसाच जायचा. माणूस मात्र कुठे नाही. आमच्या दुकानात येणाऱ्या बायकांकडून मी ऐकलं होतं, बायको आजारी पडली की काही नवरे घाबरतात, कामापुरते येतात आणि दाराआड उभे राहतात. मला वाटलं, आमचे हेही त्यातलेच निघाले. मी तोंडातून शब्द काढला नाही. मला कोणाच्या पाया पडायची सवय नाही. पण आत काहीतरी तुटलं होतं, आणि ते हातापेक्षा जास्त दुखायचं.

आमची लाँड्री आहे. उतारावरच्या रस्त्याच्या शेवटी, काचेचं दार, आत कायम वाफ. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी आमच्याकडे यायच्या. ओल्या चादरी वाळवायला आणि इस्त्रीला एक मोठा रोलर आहे, दोन पलंग शेजारी ठेवावेत एवढा रुंद, आणि चांगला तापलेला. त्यात चादर घालायला दोन माणसं लागतात. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहायचं. मी उजवीकडे, हे डावीकडे. बाहेरचे हात कोपऱ्यांना. माझ्या उजव्या हातात उजवा कोपरा, यांच्या डाव्या हातात डावा. आतले हात मधल्या सुरकुत्या सारायला. "वर" म्हटलं की दोघांनी हात उचलून चादर झटकायची, "ताण" म्हटलं की ओढायची, "सोड" म्हटलं की रोलरच्या तोंडात द्यायची. म्हणायचं काम माझं. एरवी मी यांना अहो-जाहो करते, पण तिथे "सोडा हं आता" म्हणत बसलं तर बोटं भाजतील. हे बोलायचे काहीच नाहीत. मी म्हटलं की यांचा हात जायचा. लग्न झालं त्या वर्षापासून असंच चाललं होतं.

झटका आला तो रोलरपाशीच. चादर तिरकी जायला लागली. "अहो, तुमचा कोपरा ढळतोय!" मी ओरडले. जन्मात कधी यांचा कोपरा ढळला नव्हता. ढळत होते ती मी.

लेक आमची शाळेत गणित शिकवते, दुसऱ्या गावी. ती आली, चार दिवस राहिली, आणि जाताना माझ्यासमोर बसून म्हणाली, "आई, स्पष्ट बोलू? बाबा एकटे दुकान चालवू शकत नाहीत. तुझा हात खांद्यापर्यंत वर आला, तर दुकान उघडा. नाही आला, तर कुलूप लावू आणि तुम्ही दोघं माझ्याकडे या."

"आणि आलाच तर?" मी विचारलं.

"तर मी एक अक्षर बोलणार नाही."

तिच्या हिशेबात चूक काढायला मला कधी जमलेलं नाही. मी हो म्हटलं. तिच्या घरी काही कमी नाही. जावई भला आहे, खिडकीत कुंड्या आहेत, बाळंतपणात मी झोपायची ती खोली अजून रिकामी आहे. पण तिथे मी पाहुणी असणार आणि हे सोफ्याच्या टोकाला बसून वर्तमानपत्राची घडी घालणार, उघडणार, परत घालणार. आम्ही दोघं म्हणून जे काही होतो ते त्या रोलरपाशी होतो. दुसरीकडे कुठे आम्ही दोघं होतो, हे मला आठवतच नव्हतं. आणि आता तर हे मला दिसतही नव्हते. मला वाटलं, एकदा हात आला, एकदा दुकान उघडलं, की यांना माझ्या शेजारी येऊन उभं राहावंच लागेल. जातील कुठे?

म्हणून रुग्णालयात एका नव्या यंत्राच्या चाचणीसाठी विचारलं, तेव्हा मी तयार झाले.

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत एक लांबोळकी खोली होती. राखाडी पडदे, हात नसलेली एक खुर्ची, समोर साबणाच्या वडीएवढा कॅमेरा आणि शेजारी टीव्हीसारखा मोठा पडदा. आमच्यासारख्यांचे व्यायाम कॅमेऱ्याने बघायचे, हात किती उचलला, कोपर किती सरळ झालं ते यंत्राने सांगायचं, म्हणजे पुढे लोकांना घरच्या घरी व्यायाम करता येतील, असा तो बेत. यंत्र बनवणारी मुलगी चुणचुणीत होती, पण केसांत पेन्सिल खोचून ती विसरायची आणि मग सगळीकडे शोधायची. यंत्र माझ्या अंगावर ठिपके मांडायचं, खांदा, कोपर, मनगट, आणि ते रेघांनी जोडून पडद्यावर एक बाई उभी करायचं. म्हणून मी मुलीचं नाव ठिपकेवाली ठेवलं. व्यायामाचे डॉक्टर उंच आणि कडक. त्यांच्या कोटाची खळ आणि घडी बघून मला पहिल्याच दिवशी बरं वाटलं होतं. त्यांना मी मनातल्या मनात हेडमास्तर म्हणायची.

हेडमास्तरांनी नियम सांगितले. ते स्वतः हात मोजणार, पण सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. मध्ये कोणी माझ्या हाताला हात लावायचा नाही, कोणी मदत करायची नाही. ठिपकेवाली काचेपलीकडच्या खोलीत बसून फक्त आकडे बघणार. "आणि तुमचा तोल डावीकडे जातो," ते म्हणाले, "म्हणून घरचं एक माणूस डाव्या बाजूला स्टुलावर बसेल. पडायला लागलात तर धरायला. बाकी काही करायचं नाही."

"काका बसलेत हं, काकू," ठिपकेवाली म्हणाली.

असतील, मी म्हटलं.

पडद्यावरची बाई माझ्याकडे तोंड करून बसायची, समोर बसलेल्या माणसासारखी. त्यामुळे माझा डावा हात मला उजवीकडे दिसायचा. ठिपकेवालीने ते मुद्दाम तसं ठेवलं होतं, नाहीतर तो मला दिसलाच नसता. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके. चेहरा नाही, वय नाही, सुरकुती नाही. बघता बघता मला ती आवडायला लागली. मी मान कलती केली की तीही करायची. मी श्वास घेतला की तिचे खांदे इतकेसे वर जायचे.

पहिले काही दिवस तिचा तो हात मांडीवर पडून राहिला. यंत्रातून एक मधाळ बाई बोलायची, "आता आपण आपले दोन्ही हात सावकाश वर घेण्याचा प्रयत्न करूया." एवढं लांबण आमच्या दुकानात लावलं असतं तर चादरीचा कोळसा झाला असता. उजवा हात वर जायचा, डावीकडचे ठिपके नुसते थरथरायचे. मला त्या मधाळ बाईचा फार राग यायला लागला. शेवटी एक दिवस तिचं बोलणं संपायच्या आत मीच म्हटलं, "वर!"

आणि हात वर गेला.

मी नुसती बघत राहिले. ठिपक्यांच्या बाईचा हात मांडीवरून सुटला, सावकाश, पाण्याखालून येतो तसा, आणि छातीपर्यंत येऊन थांबला. मला हाताचं काही जाणवलं नाही. पण मला त्या हाताचं काहीच कधी जाणवत नव्हतं, त्यामुळे त्यात नवल वाटलं नाही. "सोड," मी म्हटलं. हात खाली आला. काचेपलीकडे ठिपकेवाली उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. टाळ्यांचा आवाज काचेतून येत नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, उजव्या गालावरून आलेलं तेवढं मला कळलं.

त्यानंतरचे दिवस मी जमिनीपासून वीतभर वरून चालत काढले. रोज आम्ही जायचो, रोज मी "वर" म्हणायची, आणि हात रोज थोडा जास्त वर जायचा. घरी मात्र तो ढिम्म. चमचा धरायचा नाही, बाहीत शिरायचा नाही. मी लेकीला फोनवर सांगितलं, "पाहुण्यांसमोर शहाणं आणि घरात आडमुठं, असं पोर असतं ना, तसं झालंय त्याचं. तू पण तशीच होतीस."

"खांद्यापर्यंत आला का?" तिने विचारलं.

"यायला लागलाय. तू आता शब्द फिरवू नकोस."

दुपारी खिडकीपाशी खुर्चीत डोळा लागला की ठिपक्यांची बाई यायची. आमच्या दुकानाचं काचेचं दार न उघडताच आत यायची. वाफेत तिचे ठिपके जास्तच उजळ दिसायचे. रोलरपाशी माझ्या डाव्या अंगाला उभी राहायची, यांच्या जागेवर, आणि कोपरा धरायची. आम्ही चादरी घालायचो. रोलरमधून चादरी बाहेर पडायच्या त्या पडतच राहायच्या, दारातून रस्त्यावर, उतारावरून खाली, पांढऱ्या, ऊन ऊन. स्वप्नात मला डावी बाजू असायची. पण तिथे ही बाई असायची, हे नसायचे. मी तिला विचारायची, आमचे हे कुठे गेले? तिला तोंडच नव्हतं, ती काय सांगणार? मग कुठूनसा आवाज यायचा, "अगं, मान अवघडेल, उशी घे," आणि मी जागी व्हायची. उशी मानेखाली असायची. खोलीत कोणी नसायचं.

हात खांद्याला टेकायला आला त्या दिवशी ठिपकेवाली काचेमागून उठून आत आली. तिच्या केसांत दोन पेन्सिली होत्या.

"काकू, एक विचारू का? वेड्यासारखं वाटेल."

"विचार की."

"तुमचे दोन्ही हात सारखेच लांब आहेत ना?"

"छे," मी म्हटलं, "डावा मी नवऱ्याकडून उसना आणलाय."

ती हसली नाही. तिचा चेहरा पडला. ती माझ्या डावीकडे गेली, म्हणजे माझ्यापुरती नाहीशी झाली, आणि तिचा आवाज आला, "काका, ही शाल कधीपासून घालताय यांच्या हातावर?"

"तो हात गार पडतो फार," यांचा आवाज आला. "इथलं मशीन गार वारा सोडतं. रोजच घालतो. का? चुकलं का काही?"

शाल? मला शालीचं काही माहीत नव्हतं.

"काकू, परत एकदा म्हणा. पडद्याकडे बघत."

"वर," मी म्हटलं. पडद्यावरच्या बाईचा हात डौलात वर गेला.

"काका," ठिपकेवाली अगदी हळू म्हणाली, "हा तुमचा हात आहे."

मग तिने मला समजावून सांगितलं, धीराने, दोनदा. माझा हात काळ्या शालीखाली, मांडीवर निपचित. यंत्राला तो सापडत नव्हता. यंत्राला एका माणसाचे दोन हात हवेच असतात, म्हणून त्याने जवळात जवळचा हात उचलला आणि माझ्या खांद्याला जोडून टाकला. हे माझ्या डावीकडे, जरा मागे सरकून बसलेले. यांचं अर्धं अंग माझ्याआड, डावा हात तेवढा पुरता बाहेर. मी "वर" म्हटलं की तो वर जायचा. कोपरापासून मनगटापर्यंतचं अंतर माझ्या मापाच्या मानाने जास्त भरत होतं, त्यावरून तिला शंका आली. "चूक आमची आहे, काकू. आम्ही फक्त आकडे बघत बसलो. ते सगळे आकडे आता बाद."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी त्या पोरीला बोलले, साबणाच्या वडीला बोलले, मधाळ बाईचा उद्धार केला, आणि मग यांच्याकडे वळले. म्हणजे उजवीकडे वळले. भिंतीवर ओरडले.

"तुम्ही मुद्दाम केलंत! मला बरं वाटावं म्हणून! माझी दया आली तुम्हाला?"

"नाही गं," आवाज आला. "मला माहीतच नव्हतं."

"स्वतःचा हात वर गेलेला माणसाला माहीत नसतो?"

"तू वर म्हटलंस की जातो तो. मी कुठे नेतो?"

"आणि पडद्यावर दिसत नव्हतं?"

"मी पडद्याकडे कशाला बघू? तू पडशील म्हणून तुझ्याकडे बघत होतो."

ठिपकेवालीने काहीतरी केलं आणि पडद्यावरचा काळोख गेला. "तुम्हाला खरं काय झालं ते बघायचंय का?" ती म्हणाली. तिने कॅमेऱ्याचं साधं चित्रण लावलं, ठिपके नसलेलं.

खुर्चीत एक बाई बसली होती. अर्धे केस विंचरलेली. मांडीवर काळी शाल. तिने तोंड उघडलं, उजवा हात वर केला. आणि तिच्या शेजारी, पडद्याच्या उजवीकडे, मला दिसेल अशा बाजूला, एक म्हातारा स्टुलाच्या कडेवर बसला होता आणि त्याने डावा हात वर केला होता.

मी माझ्या नवऱ्याला किती दिवसांनी बघत होते! वाळले होते हो. दाढी एका गालावर राहून गेली होती. हात हवेत धरून ठेवलेला, आणि तो थरथरत होता, कारण बाईने अजून "सोड" म्हटलं नव्हतं. बाई पडद्यावर रमली होती. हा माणूस पडद्याकडे ढुंकून बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता, अशा नजरेने, जणू ती काचेचं भांडं आहे आणि टेबलाच्या काठावर कोणीतरी ठेवून गेलंय. आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर. जन्मभर लोकांचे कपडे कडक करून दिले या माणसाने, आणि त्याची स्वतःची कॉलर चुरगळून कानापर्यंत आली होती. ती कॉलर बघून मला रडू फुटलं. हात गेला म्हणूनही मी इतकी रडले नव्हते.

"होतात कुठे इतके दिवस?" मी विचारलं.

"इथंच."

"इथं म्हणजे कुठे?"

"तुझ्या डावीकडे. डॉक्टर म्हणाले होते, डावीकडूनच बोला, डावीकडेच बसा, म्हणजे तिची मान हळूहळू वळेल. कितीही वाटलं तरी उजवीकडे जायचं नाही. मी नाही गेलो." मग आवाज म्हणाला, "खूपदा वाटलं."

"मला सांगायचं नाही का?"

"रोज सांगायचो की. तू हो म्हणायचीस."

मी मान वळवून बघायचा प्रयत्न केला, खरंच केला. पण जिथे काही नाही तिथे मान कशी वळवणार? तो प्रयत्न पाठीमागे बघण्यासारखा होता. मी पुन्हा पडद्याकडेच बघत बसले. त्या चित्रातल्या म्हाताऱ्याकडे बघता बघता घरी जायची वेळ झाली.

शेवटच्या मोजणीला लेक आली. मी तिला फोनवर सगळं खरं सांगून टाकलं होतं. ती काही बोलली नव्हती, आणि ती काही बोलत नाही म्हणजे तिचं गणित सुटलेलं असतं. दुकानाच्या किल्ल्या तिच्या पर्समध्ये होत्या. कायमचं कुलूप लावायच्या आधी ती आणि हे सकाळीच जाऊन आले होते, आतलं सगळं बंद आहे ना बघायला.

हेडमास्तरांनी माझा हात आपल्या हातात घेतला, खांदा धरला आणि म्हणाले, "उचला." मी जीव तोडून उचलला. ते म्हणाले, मांडीवरून जरासा सुटला, एवढं एवढं. त्यांनी मोजलं आणि हात परत मांडीवर ठेवला, बाळाला ठेवतात तसा. "थोडा जीव आलाय, काकू. पण खांद्यापर्यंत..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. कडक माणसाला असं अडखळताना बघवत नाही.

लेक खिडकीबाहेर बघायला लागली. तिला आनंद झाला नव्हता, हे मला तिच्या पाठीवरून दिसत होतं.

तपासणीच्या पलंगावर चादर होती. बरी धुतलेली, पण इस्त्री आमच्यासारखी नाही. माझी नजर तिथे गेली आणि मी म्हटलं, "ती चादर काढा जरा."

"कशाला?" हेडमास्तरांनी विचारलं.

"निरोप घ्यायचाय."

मला तेवढंच म्हणायचं होतं, खरंच. दुसरं काही डोक्यात नव्हतं. त्यांनी मला उभं केलं, लेक माझ्यामागे कमरेला धरून उभी राहिली. कोणीतरी चादरीचा कोपरा माझ्या उजव्या हातात दिला. बोटांनी आपसूक शिवण चाचपली, अंगठा कुठे ठेवायचा ते अंगठ्याला माहीत होतं.

"वर," मी म्हटलं.

चादर उठली. हवा भरली, ती फुगली आणि सगळी खोली पांढरी झाली. माझा कोपरा वर, आणि चादर सरळ. तिरकी नाही, लोंबलेली नाही. आता चादर वर गेली की पुढचं काम ठरलेलं. कड बघायची. माझ्या हातापासून सुरुवात करून शिवणीवरून नजर नेत जायची, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, कुठे दुमडली तर नाही ना. इतकी वर्षं मी हे केलंय की ते करायला मी लागत नाही. नजर निघाली. शिवणीवरून, टाक्याटाक्याने. मधला झोळ आला. झोळाच्या पुढे निळ्या दोऱ्याने घातलेली रुग्णालयाची खूण आली. मग ती जागा आली जिथे खोली संपते.

तिथे खिडकी संपली, भिंत संपली, पलंग संपला. पण शिवण संपेना. मी थांबले, घाबरले. मग मनाशी म्हटलं, अगं बाई, एवढ्या चादरी घातल्यास जन्मात, अर्धी चादर कधी पाहिलीस? हिला दुसरा कोपरा असणारच. सरळ उभी आहे म्हणजे तो कोपरा कोणीतरी धरलेला असणारच.

मी शिवण सोडली नाही. मान कुरकुरली, गळ्याची शीर ताणली गेली. एक टाका, अजून एक टाका. आणि मग एक अंगठा आला. नखाच्या बाजूला रोलरने भाजल्याचा जुना डाग. मग मनगट. मग बाहीचं सुटलेलं बटण. मग ती कॉलर. कॉलरच्या वर चेहरा, अर्धवट दाढी, आणि माझ्याकडे लागलेले डोळे.

"अगं बाई," मी म्हणाले. "तुम्ही."

यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. इतके दिवस आवाज होता आणि माणूस नव्हता, आता माणूस होता आणि आवाज नव्हता.

"काकू!" हेडमास्तर ओरडलेच जवळजवळ. "मान कुठे आहे तुमची? काय दिसतंय तिथे?"

"कॉलर," मी म्हटलं. "काय केलीत हो कॉलरची?"

"इस्त्री कुठे करणार," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दुकान बंद आहे ना."

लेकीने माझ्या पाठीवर डोकं टेकलं. मग नाक ओढत, गणिताच्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "डावा हात आतला आहे ना, आई? आतला हात नुसता सुरकुत्या सारतो."

"हो," मी म्हटलं. "बाहेरचे दोन शाबूत आहेत."

"रोलर लगेच नाही. गार चादरींच्या घड्या घालायच्या आधी. आणि बाबा सांगतील तेव्हाच रोलर."

"बाबा कधी काही सांगतात का?"

ती हसली की रडली ते माझ्या पाठीला कळलं नाही. पर्समध्ये किल्ल्या वाजल्या, आणि यांच्या रिकाम्या हातात पडल्याचा आवाज आला.

चादर अजून वरच होती. यांचा हात थरथरायला लागला होता. नजर जरा ढिली सोडली तर हे पुन्हा जातील, हे मला कळत होतं. म्हणून मी शिवण डोळ्यांनी घट्ट धरून ठेवली.

"काकू, आता सोड म्हणा त्यांना," हेडमास्तर म्हणाले. "काकांचा हात दुखत असेल."

"थांबा हो जरा," मी म्हटलं. "बघू दे मला."